स्थिर आकार, थकबाकी आणि सातवी ब

माझं आडनाव तडवी. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावल-रावेरच्या पट्ट्यात आमची वस्ती. आम्ही भिल्ल, अनुसूचित जमातीत मोडतो, आणि मुसलमानही आहोत. जळगाव जिल्हा ओलांडला की हे दोन्ही एकदम कसं काय, हे समजावून सांगावं लागतं, म्हणून आधीच सांगून टाकतो. घरी तडवी बोली, पहिलीपासून शाळा मराठी, पुढं बी.ए.ही मराठीत. उर्दू मला वाचता येत नाही. लहानपणी मौलवीसाहेबांनी अरबीचा कायदा, म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक, शिकवला होता, त्यामुळं सुटी अक्षरं ओळखतो. पण छापील उर्दूत ती अक्षरं जत्रेतल्या पोरांसारखी एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेली असतात, तिथं माझं गाडं अडतं.

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला सोळा आठवड्यांची इंटर्नशिप असते. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर यादी लागली आणि माझ्या नावापुढं रावेर तालुक्यातलं एक उर्दू हायस्कूल. मित्र म्हणाले, "तुझं बरं आहे राजा, तुझीच माणसं." यादी करणाऱ्यानंही बहुधा आडनाव पाहूनच टिक केली असावी. माझ्या मेथड, म्हणजे शिकवायचे विषय, मराठी आणि इतिहास. इतिहास तिथं उर्दूतून शिकवतात, म्हणजे तो मला शिकवता येणार नाही, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. इतिहासाचे पाठ आता दुसऱ्या शाळेत घ्यायचे आणि इथं फक्त मराठी. एस.टी.चा पास दोन गावांचा काढावा लागला तो वेगळाच.

गावात लोक विचारतात, "तिथं मदरशासारखं शिकवतात का रे?" नाही हो. मदरसा वेगळा, शाळा वेगळी. ही अनुदानित शाळा आहे, पाचवी ते दहावी. गणित, विज्ञान, भूगोल सगळं बालभारतीचंच, फक्त उर्दूत छापलेलं. दहावीला बोर्डाची परीक्षाही तीच. त्रिकोणाला मुसल्लस म्हणतात, पण त्याच्या तीन कोनांची बेरीज तिथंही १८० अंशच भरते. मराठी विषय सक्तीचा. २०२० चा मराठी सक्तीचा कायदा आला तेव्हा त्याची चर्चा झाली ती मुख्यतः सी.बी.एस.ई.वाल्या शाळांत. इथले मराठीचे सर त्याच्या कितीतरी आधीपासून फळ्यावर बाराखडी लिहितायत.

तर आजचा दिवस.

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर सकाळी एस.टी.ला नेहमीच केळीच्या ट्रकांमागं रांगावं लागतं. नोव्हेंबर आहे, दोन्ही बाजूंना कटाई चाललेली. शाळेच्या अलीकडच्या थांब्यावर डोक्याला फडकं बांधलेले मजूर घड वाहत होते. त्यातल्या एकानं खिडकीतून मला पाहून सलाम केला. आठवीतल्या एका मुलाचा बाप. त्यानं मला कधी ओळखून ठेवलं कोण जाणे.

परिपाठाला इथं दुआ असते. मग राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत, मग प्रतिज्ञा उर्दूतून. राज्यगीताला मुलं जो सूर लावतात तो आमच्या मराठी शाळेत मी कधी ऐकला नव्हता, म्हणजे मोठा. सुरेल म्हणत नाही. शेवटी एक मुलगी मराठी सुविचार वाचते आणि बाकीचे चुळबुळ करतात. हे मात्र सगळ्या शाळांत सारखंच.

सातवी ब. पटावर ५२, आज हजर ४४. निम्म्याहून जास्त मुली, डोक्यावर पांढरे स्कार्फ. पहिल्या दिवसापासून या वर्गाला माझ्याबद्दल एकच कोडं पडलंय आणि आज हजेरी संपायच्या आत ते पुन्हा बाहेर आलं.

"सर, तडवी तो मुसलमान रहते ना?"

"हो."

"फिर आपको उर्दू काय कू नहीं आती?"

"मराठी शाळेत शिकलो म्हणून."

"और घर में?"

"घरी तडवी बोलतो."

"वो कौनसी भाषा?"

मी दोन वाक्यं बोलून दाखवली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, ये तो मराठीच है!" दुसरा म्हणाला, "नहीं रे, गुजराती." त्यांचं भांडण मिटेपर्यंत मी फळ्यावर दिनांक, वार, विषय लिहून घेतलं.

या वर्गाच्या वह्या बघण्यासारख्या आहेत. उर्दूची वही उजवीकडून उघडते, मराठीची डावीकडून. ज्यांच्या घरी विषयागणिक वेगळी वही परवडत नाही ते एकच वही दोन्हीकडून वापरतात. एका टोकाकडून सायन्स, दुसऱ्या टोकाकडून मराठी. एकीकडं समास उजव्या हाताला आखलेला, दुसरीकडं डाव्या. वर्ष सरत आलं की दोन्ही विषय मधे कुठंतरी भिडतात आणि मग शेवटच्या पानावर जागेवरून वाद. मराठीचे सर सांगतात, सायन्सवाले नेहमी जास्त पानं खातात.

आज माझा सराव पाठ होता औपचारिक पत्राचा. टाचण, म्हणजे पाठाचा आराखडा, रात्री अकरापर्यंत बसून लिहिलं होतं: प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन, संकलन, उपयोजन, स्वाध्याय. शैक्षणिक साहित्याच्या रकान्यात "तक्ता". तक्त्यावर पत्राचा नमुना, लाल स्केचपेननं बाण काढून. मराठीचे सर निरीक्षण करायला मागच्या बाकावर बसलेले.

प्रस्तावनेचा प्रश्न होता, "तुमच्या घरी कोणकोणते कागद येतात?" टाचणातलं अपेक्षित उत्तर: पत्र, लग्नपत्रिका, बिल. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला, काही बोलली नाही. कंपासपेटी उघडली आणि तिच्यातून आठ घड्या घातलेलं विजेचं बिल काढलं.

"सर, अम्मीने बोला, मराठी के सर से पूछ के आ. इतना क्यूं आया?"

टाचणात याला रकाना नव्हता. मी मागं पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. मी तक्ता गुंडाळून ठेवला आणि बिलावर जे जे होतं ते फळ्यावर उतरवायला घेतलं. ग्राहक क्रमांक बारा आकडी, तो तेवढा झाकून. मागील रीडिंग, चालू रीडिंग. वजाबाकी वर्गानं माझ्या आधी केली: ११८ युनिट. इथवर काही अडचण नव्हती. मग आलं, स्थिर आकार.

"आकार मतलब शेप ना सर? ड्रॉइंग में रहता वो?"

"हो, तोही आकार."

"फिर बिजली का शेप?"

वर्ग हसला. मलाही हसू आलं, कारण खाली ओळीनं वहन आकार आणि इंधन समायोजन आकार उभे होते. आता यांना काय सांगणार? मी म्हटलं, हा आकारणीतला आकार. पैसे लावणं. एकाचा बाप छोटा हत्ती चालवतो. तो म्हणाला, "जैसे अब्बा बोलते, गाड़ी हिलाने का इतना, फिर किलोमीटर का अलग." अगदी तेच. वीज जळो न जळो, गाडी दारात उभी आहे त्याचे पैसे म्हणजे स्थिर आकार. तारांवरून घरापर्यंत आणायचे ते वहन आकार. इंधन समायोजनाला त्यानं स्वतःच उत्तर दिलं: "डीज़ल बढ़ा तो भाड़ा बढ़ा." त्याला विषय समजावून देण्यात माझा वाटा फारसा नव्हता.

मग मूळ प्रश्न, इतकं का आलं. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, १०१ पासून ३०० पर्यंत बराच जास्त. म्हणजे ११८ मधले १०० एका दरानं आणि वरचे १८ दुसऱ्या दरानं. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. मुलांनी वहीत गणित मांडलं, मराठीच्या वहीत! आणि तळाशी एक ओळ होती: थकबाकी. मागच्या महिन्याचं बिल भरलेलंच नव्हतं, ते यात मिळवलेलं. बिल फुगण्यात १८ युनिटांपेक्षा त्याचाच हात मोठा होता. मुलगी हळूच म्हणाली, "अब्बा बीमार थे पिछले महीने."

तिथून पत्र आपोआप सुरू झालं. अर्ज कुणाला? विषय काय? फळ्यावर लिहिलं, "बिल हप्त्यांत भरण्यास परवानगी मिळणेबाबत." मजकूर वर्गानं सांगायचा, मी लिहायचं. पहिलं वाक्य एका मुलानं सांगितलं ते असं: "माझा अब्बाची तब्येत खराब होता म्हणून आम्ही बिल भरला नाही."

या एका वाक्यात माझ्या निम्म्या इंटर्नशिपचं काम आहे. "बिल भरला" असं ते का म्हणतात? उर्दूत लिंगं दोन, आणि बिल तिथं पुल्लिंगी. आमचं नपुंसकलिंग त्यांच्या हिशेबात बसतच नाही. तो घर, तो पाणी, ती पुस्तक. "ती पुस्तक" म्हणणारा मुलगा ढ नसतो, त्याच्या डोक्यात किताब असते आणि किताब स्त्रीलिंगी. हे ध्यानात आल्यावर मी "चूक" असा शेरा मारणं सोडलं आणि ज्या शब्दांचं लिंग उर्दूशी जुळत नाही त्यांचीच एक यादी भिंतीवर लावली. रोज दोन-तीन शब्दांची भर पडते. आज बिल चढलं.

दुसरी अडचण ळ आणि ण. मुलं मराठी शब्दाचा उच्चार समासात बारीक उर्दू अक्षरांत लिहून ठेवतात, आठवण म्हणून. उर्दूत ळ ला अक्षर नाही, ण ला नाही. मग बाळ लिहिताना लाम येतो, पाणी लिहिताना नून, आणि वाचताना बाल आणि पानी. यावर मराठीच्या सरांचा उपाय मला फार आवडला. ते व्याकरण सांगत नाहीत, नकाशा काढतात. जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव. आपला खानदेश ळ नं भरलेला आहे. ज्या गावाला मामा राहतो त्या गावाचं नाव तरी नीट म्हणा, एवढंच ते सांगतात. महिन्याभरात जलगांवचं जळगाव होतं. यावल आणि एरंडोलला मात्र मुलं उगाच ळ लावायला लागतात, तो त्रास वेगळा.

अर्ज पुरा झाला नाही. घंटा झाली. "सबब विनंती की" या शब्दांपाशी आम्ही थांबलो होतो. सबब काय, हे एका मुलानं मला न विचारता शेजाऱ्याला उर्दूत सांगून टाकलं.

पण घंटेच्या आधी मी एक विचारून घेतलं: घरी आलेला मराठी कागद कोण वाचतं? वर्गातले बहुतेक हात वर. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरले गेले तेव्हा ही पोरं पाचवी-सहावीत होती. आईचा फॉर्म, खालाचा, शेजारणीचा. एकजण म्हणाली, तिनं गल्लीतल्या बायकांची हमीपत्रं वाचून दाखवली, उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे वगैरे सगळं. दुसऱ्यानं दवाखान्यातला केसपेपर सांगितला. कुणी रेशन दुकानाबाहेरची पाटी. बापाची केळीची हिशेबपट्टी वाचणारा एक आहे. त्याला बऱ्हाणपूरचा भाव, कटती, हमाली हे सगळं तोंडपाठ, आणि मराठीच्या घटक चाचणीत त्याला वीसपैकी सात.

हे मला नवं नाही. आमच्या घरचा कारकून मीच. जातवैधता प्रमाणपत्रासाठी १९५० पूर्वीचे पुरावे लागतात अनुसूचित जमातीला, तेव्हा आजोबांच्या शाळेचा दाखला, जुना सातबारा, वंशावळीचं शपथपत्र, सगळं मीच वाचून अब्बांना सांगितलेलं. मराठी शाळेत शिकूनही त्यातलं अर्धं मला कळलं नव्हतं. "उपरोक्त विषयास अनुसरून" ही कुणाच्याच घरची भाषा नाही, इथल्या मराठी बोलणाऱ्या लेवा पाटलाच्याही नाही. म्हणून मला वाटतं, या मुलांना "अमराठी" समजून चित्रं दाखवत शिकवायचं ते तिसरी-चौथीपर्यंत ठीक. सातवीतल्या मुलाला बाजारातली मराठी येते, घासाघीस येते, मराठीत भांडताही येतं. त्याला अडतं ते सरकारी कागदावर. तिथून शिकवायला लागलं तर नपुंसकलिंगसुद्धा वाटेत भेटतंच, आज भेटलं तसं. सुलभभारती, म्हणजे इतर माध्यमांच्या शाळांसाठीचं मराठीचं पुस्तक, वाईट नाही, त्यातले धडे मुलं आवडीनं वाचतात. पण त्यात बिल नाही.

मोठ्या सुट्टीत खिचडी. पाचवी ते आठवीची पंगत बसते, ताटल्यांचा आवाज स्टाफरूमपर्यंत येतो. मग जुहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजाला मोठी मुलं शेजारच्या मशिदीत जातात. आज मीही गेलो. वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुताना, दोन नळ सोडून सातवी बचे तिघं माझ्या हातापायांकडं टक लावून बघत होते. परत येताना कानावर आलं, "सर कू आती रे नमाज़, पूरी आती." उर्दूचं कोडं त्यांच्यापुरतं तिथं सुटलं असावं, कारण दुपारनंतर कुणी विचारलं नाही.

स्टाफरूममधे चहा. मराठीचे सर एम.ए. मराठी. आपसात सगळे उर्दूत बोलतात, माझ्याशी ते मराठीतच, आणि तीही जरा पुस्तकी. बिलाबद्दल ते लगेच काही बोलले नाहीत. कपाट उघडून एक बॉक्स फाइल काढली. आत रेल्वे आरक्षणाचे कोरे फॉर्म, बँकेच्या स्लिपा, मनीऑर्डर फॉर्म, जन्मदाखल्याचा अर्ज, पोलीस भरतीच्या जुन्या प्रश्नपत्रिका. वर्षानुवर्षं जमवलेलं.

"धडे संपले की हे काढतो," ते म्हणाले. "पण धडे संपत नाहीत."

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण असतं. शाळेचे माजी विद्यार्थी मैदानी मारतात, पळण्यात, गोळाफेकीत पुढं, आणि लेखीत समास-प्रयोगांवर मार खातात, हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. मी विचारलं, मग पहिल्यापासूनच हे का काढत नाही? ते म्हणाले, "तपासणीला आलेला माणूस विचारतो, कितवा धडा चालू आहे. कोणता फॉर्म चालू आहे, असं कुणी विचारलं नाही अजून." मग हसले आणि चहाचा कप माझ्याकडं सरकवला.

दुपारी आठवी अ. तिथं काही विशेष घडलं नाही, कविता होती, चाल लावून म्हटली, मुलांना जेवणानंतरची झोप. एका मुलीनं मात्र वर्ग सुटल्यावर गाठलं. तिला तलाठी व्हायचंय. परीक्षेला मराठी असते का? असते. किती कठीण? मी म्हटलं, माझ्या टी.ई.टी.एवढी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेएवढी, तरी असेल. मग तिनंच मला विचारलं, तुम्ही पास झालात का? अजून निकाल यायचाय, म्हटलं. टी.ई.टी. झाली की टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल, मग लागलोच तर शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं मानधनावर. हे सगळं ऐकून ती म्हणाली, "सर, आप भी तलाठी का भर दो." व्यवहारी मुलगी. नक्की होईल.

संध्याकाळी निरीक्षणाची वही परत मिळाली. सरांचा शेरा: "विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम. टाचणानुसार पाठ पूर्ण झाला नाही." दोन्ही खरं. शैक्षणिक साहित्याच्या रकान्यात मी "तक्ता" खोडून "वीज बिल (मूळ प्रत)" असं लिहिलंय. कॉलेजातल्या मार्गदर्शक मॅडम त्यावर काय म्हणतील ते सोमवारी कळेल. त्यांना मूळ प्रत बघायची असेल तर मिळणार नाही, ती मुलीनं परत घड्या घालून कंपासपेटीत ठेवली, सोबत अर्जाचा अर्धा मसुदा. उरलेला अर्धा उद्या पहिल्या तासाला पुरा करायचाय, कारण बिलाचा देय दिनांक शनिवार आहे आणि उद्या शुक्रवार. जुम्म्यामुळं शाळा लवकर सुटते, तिची आई तिला घेऊन थेट वीज कार्यालयात जाणार आहे.

रावेर-सावदा-फैजपूरकडच्या कुणाकडं बँकेत पैसे भरायच्या कोऱ्या स्लिपा, रेशनकार्डात नाव वाढवायचे फॉर्म किंवा ग्रामपंचायतीचे दाखल्याचे अर्ज पडून असतील तर मला कळवा. एकेकाच्या पन्नास प्रती लागतील. झेरॉक्स चालतील, पण फिकट नकोत, ळ आणि ल वेगळे दिसायला हवेत.